तान्हं बाळ आणि आणीबाणीचा साठा: पावसाळ्यात वर, उन्हाळ्यात खाली

नागपुरात बाळासाठी साठा करून ठेवायचा म्हटलं की काय घ्यायचं हे सगळेच सांगतात. यादी कुठेही मिळते. पण तो साठा ठेवायचा कुठे, हे कोणी सांगत नाही, आणि या शहरात खरी अडचण तिथेच आहे.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी पात्राबाहेर आली. अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट, शंकरनगर, सीताबर्डी या भागांत लोक झोपेत असताना तळमजल्यांवर पाणी शिरलं आणि काहींना बोटीतून बाहेर काढावं लागलं. त्या रात्री दिवाणाच्या पेटीत किंवा आलमारीच्या खालच्या कप्प्यात ठेवलेली कोणतीही वस्तू कामाची राहिली नाही. म्हणजे साठा उंचावर हवा. पण तोच साठा माळ्यावर तसाच राहिला आणि मे महिना आला, तर तापलेल्या स्लॅबखाली डायपरचा गोंद सुटतो, औषधं खराब होतात, दुधाच्या पावडरीचे गोळे होतात. इथे पारा ४५ च्या वर जातो आणि स्लॅबखालचा माळा रात्रीही निवत नाही.

म्हणून साठा एकदाच करून विसरता येत नाही, तो ऋतूप्रमाणे हलवावा लागतो. कसा, ते पुढे येईलच. आधी मोजमाप.

पायरी पहिली: आपल्या घराचे तीन दिवस मोजा

बाजारात जाण्याआधी दुधाच्या हिशेबाची वही घ्या आणि तीन दिवस नुसत्या रेघा मारा. लंगोट किती बदलले, डायपर किती लागले, झबली किती ओली झाली, पाणी किती बादल्या गेलं, साबण किती वेळा हाती घेतला. नवजात बाळाला दिवसाला आठ ते बारा वेळा बदलावं लागतं, सहा महिन्यांनंतर ते पाच-सातवर येतं. पण पुस्तकातल्या आकड्यापेक्षा तुमच्या वहीतला आकडा खरा.

त्या आकड्यात अर्ध्याची भर घाला. आपत्तीच्या दिवसांत बाळाचं पोट बरेचदा बिघडतं, आणि तेव्हा रोजचा हिशेब चालत नाही.

तीनच दिवस कशासाठी? पुरात पाणी ओसरायला, लाईन परत यायला आणि कोपऱ्यावरचं मेडिकल उघडायला साधारण एवढा वेळ धरून चालायचा. ज्यांना परवडतं त्यांनी सात दिवसांचं ठेवावं. २०२० ची टाळेबंदी आठवा, किंवा मार्च २०२५ मध्ये शहराच्या काही भागांत लागलेली संचारबंदी. पाऊस नाही, ऊन नाही, तरी दुकानापर्यंत जाता येत नव्हतं. मात्र महिनाभराचा साठा करू नका. एक्स्पायरीच्या आधी बाळच मोठं होतं.

पायरी दुसरी: डायपर की लंगोट?

आजी म्हणणार लंगोट, सून म्हणणार डायपर. या कामापुरत्या दोघीही बरोबर आहेत. नळाला पाणी नसेल तर मळलेल्या लंगोटांचा ढीग धुणार कशाने? आणि पाऊस थांबत नसेल तर ते वाळणार कुठे? तिथे डायपर लागतात. पण चार दिवस घंटागाडी आली नाही की वापरलेल्या डायपरांची दुर्गंधी घरभर होते, आणि ओलसर उकाड्यात बाळाला पुरळ येतं. तिथे सुती कापड हवं. म्हणून दोन्ही ठेवा. तीन दिवसांचे डायपर आणि त्याशिवाय डझनभर मऊ लंगोट. जुन्या सुती साडीचे, धोतराचे तुकडे सगळ्यात उत्तम. नवं मलमल घ्यायचं असेल तर इतवारी-गांधीबागेत मीटरवर मिळतं, पण वापरण्याआधी दोनदा धुऊन त्यातली खळ काढा.

डायपरचा साईझ वयावर नाही, वजनावर ठरतो, आणि पाकिटावरचे किलो प्रत्येक कंपनीचे थोडे वेगळे असतात. साठ्यातलं एक पाकीट आत्ताच्या मापाचं आणि एक पुढच्या मापाचं ठेवा. मोठा डायपर लहान बाळाला कसातरी चालवता येतो, लहान डायपर मोठ्या पोट्ट्याला काही केल्या बसत नाही.

ओले वाईप्स सोयीचे खरे, पण उन्हाळ्यात फोडलेलं पाकीट दोन दिवसांत वाळून जातं. एक न फोडलेलं पाकीट पुरे. बाकी कापसाचा रोल आणि उकळून गार केलेलं पाणी. पुरळासाठी झिंक ऑक्साईडचं मलम ठेवा. टाल्कम पावडर ठेवू नका, ती उडून बाळाच्या श्वासात जाते.

पायरी तिसरी: दूध

इथे थोडं थांबून वाचा, कारण सगळ्यात जास्त पैसे आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

बाळ अंगावर पीत असेल तर ‘असू द्या एक’ म्हणून पावडरीचा डबा आणून ठेवू नका. घाबरलेल्या घरात तो उघडला जातो, बाळ वरचं दूध घेऊ लागतं, तेवढं अंगावर कमी ओढतं आणि आईचं दूध खरंच कमी होतं. भीतीने, दमल्याने दूध काही वेळ नीट उतरत नाही, पण आटत नाही. बाळाला वारंवार छातीशी धरलं की येतं. अशा घरात बाळाचा साठा म्हणजे आईचा साठा: तिचं पाणी, शेंगदाण्याचे आणि डिंकाचे लाडू, खजूर, फुटाणे-गूळ, भाजलेला सातू. सातू इथल्या उन्हाळ्याला चांगला मानवतो आणि गॅस न पेटवता कालवता येतो. आडोशासाठी एक मोठी ओढणी बॅगेत टाका. निवारा शाळेच्या वर्गात असेल तर तिची किंमत कळते.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मे महिन्यातसुद्धा वरचं पाणी लागत नाही. घरातल्या मोठ्यांना हे पटत नाही, ‘काहून, एवढ्या उन्हात त्याला तहान नाही लागत का?’ असं विचारतात. लागते, आणि आईच्या दुधात ती भागवण्याएवढं पाणी असतं. फक्त पाजायच्या वेळा वाढवायच्या.

बाळ डॉक्टरांच्या सल्ल्याने पावडरीच्या दुधावर असेल तर हिशेब वेगळा. ढोबळमानाने किलोमागे दिवसाला दीडशे मिलिलिटर दूध लागतं. पाच किलोच्या बाळाला पाऊण लिटर. ४०० ग्रॅमचा डबा अशा बाळाला तीन-चार दिवसच जातो. तेव्हा रोजच्या वापरातल्या डब्यामागे एक न उघडलेला डबा कायम असू द्या, आणि रोजचा संपला की मागचा पुढे आणून नवा मागे ठेवा. उघडलेल्या डब्यावर मार्करने तारीख टाका. किती दिवसांत संपवायचा ते डब्यावर छापलेलं असतं.

पावडर निर्जंतुक नसते, तिच्यातही जंतू असू शकतात. म्हणून पाणी खळखळ उकळायचं आणि अर्ध्या तासाच्या आत, ते निदान ७० अंश गरम असतानाच पावडर घालायची. मग भांडं गार पाण्यात धरून दूध कोमट करायचं आणि मनगटावर थेंब टाकून पाहायचं. केलेलं दूध दोन तासांत पाजा, उरलेलं फेका. त्यासाठी बॅगेत थर्मास आणि घरात छोटा गॅस किंवा स्टोव्ह हवा. पावडर जास्त दिवस पुरावी म्हणून पातळ करणं हा तर सरळ उपासच.

बाटली मात्र साठ्यातून वगळा. पाण्याची टंचाई असताना बाटलीचं निपल आणि कोपरे स्वच्छ होत नाहीत. वाटी-चमचा किंवा घरातलं जुनं बोंडलं (तान्ह्याला दूध पाजायची चोचीची वाटी) गुळगुळीत असतं आणि लगेच उकळून निघतं. मात्र बाटलीला सरावलेलं बाळ वाटी-चमच्याने प्यायला वेळ घेतं, तेव्हा त्याची सवय आत्ताच लावा. पूर येण्याची वाट पाहू नका.

आणखी एक. पुरानंतर कोणी चांगल्या मनाने पावडरीचे डबे वाटत आलं तर अंगावर पाजणाऱ्या आईने ते घेऊ नयेत. देशात १९९२ च्या कायद्याने आईच्या दुधाला पर्याय असलेल्या पावडरींच्या जाहिरातीवर आणि फुकट नमुने वाटण्यावर बंदी आहे, ती याच कारणाने.

सहा महिन्यांपुढच्या बाळासाठी तांदूळ आणि मुगाची डाळ धुऊन, वाळवून, भाजून काढलेली भरडी ठेवा. दहा मिनिटांत पेज होते. पंधरा-वीस दिवसांनी ती घरात वापरून टाका आणि नवी करा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नका, चाटणातूनही नाही.

पायरी चौथी: पाणी

चार माणसांच्या घराला पिण्या-स्वयंपाकाला माणशी तीन-चार लिटर धरा, म्हणजे तीन दिवसांचे चाळीसेक लिटर. ते झाकणाच्या, तोटी असलेल्या भांड्यात ठेवा, म्हणजे कोणी आत हात बुडवणार नाही. धुण्या-पुसण्यासह माणशी दिवसाला पंधरा लिटर ही किमान गरज मानली जाते, तेव्हा २०० लिटरचा एक ड्रम भरलेला असला की चार जणांचे तीन दिवस निघतात. ड्रम झाकून ठेवा, नाहीतर डेंग्यूचे डास पाळल्यासारखं होईल.

तळमजल्यावर राहणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. जमिनीतल्या टाक्यात पुराचं पाणी गेलं की त्यात गटारही आलं. ते उपसून, घासून, क्लोरीन टाकून पुन्हा भरेपर्यंत त्यातलं पाणी बाळाच्या कशालाही वापरू नका. बोरिंगच्या पाण्याचंही तसंच, आधी उकळा.

पाणी गढूळ असेल तर तुरटी फिरवा, निवळू द्या, कापडातून गाळा आणि एक मिनिट खळखळून उकळा. गॅस नसेल तर क्लोरीनची गोळी किंवा थेंब. किती लिटरला किती, ते पाकिटावर असतं. टाकल्यावर अर्धा तास थांबायचं. गढूळ पाण्यात क्लोरीन नीट काम करत नाही, म्हणून आधी गाळणं टाळू नका.

पायरी पाचवी: मोठ्यांची स्वच्छता

साबणाच्या वड्या घ्या. लिक्विड सांडतं, जास्त पाण्याने धुवावं लागतं आणि जड असतं. हात वीस सेकंद, बाळाचं बदलल्यावर आणि पाजण्याआधी. सॅनिटायझर निदान ६० टक्के अल्कोहोलचा असेल तरच घ्या, आणि चिखलाच्या हाताला त्याचा उपयोग नाही हे लक्षात असू द्या. तो पेट घेतो, म्हणून गॅसजवळ किंवा मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ठेवायचा नाही.

सॅनिटरी पॅड घरातल्या प्रत्येकीच्या एका पाळीपुरते वेगळे काढून ठेवा. नुकतीच बाळंत झालेली बाई असेल तर तिचा रक्तस्राव सहा आठवड्यांपर्यंत चालू शकतो, तिला मोठे आणि जास्त पॅड लागतात. बाळाच्या यादीत आईची ही गरज हटकून राहून जाते. कापड वापरणाऱ्यांनी पावसाळ्यापुरते थोडे पॅड जवळ ठेवावेत, कारण उन्हात न वाळलेलं कापड पुन्हा वापरणं बरं नाही. घरात अंथरुणाला खिळलेले आजोबा-आजी असतील तर त्यांचे डायपर आणि रबरी शीटही याच हिशेबात.

पुरात गटारं तुंबली की तळमजल्याच्या संडासातून पाणी उलटं वर येतं. तेव्हा झाकणाची एक बादली, जाड काळ्या पिशव्या आणि राख किंवा लाकडाचा भुसा यांवर काम भागतं. पिशवी बादलीत दुहेरी लावा, प्रत्येक वापरानंतर वर राख. वापरलेले डायपर आणि पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळ्या पिशवीत, ओल्या कचऱ्यात नाही. नाल्यात तर नाहीच. नाग नदी तुंबते त्यात आपलाही वाटा असतो.

ब्लीचिंग पावडर फरशीसाठी ठेवाल, चांगलं आहे. पण ती संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी, रांगत्या मुलाच्या हाताबाहेर.

पायरी सहावी: औषधं, अगदी मोजकी

ओआरएसची, म्हणजे जुलाबात पाण्यात कालवून द्यायच्या मीठ-साखरेची पाकिटं, ज्यांवर डब्ल्यूएचओचं (जागतिक आरोग्य संघटनेचं) सूत्र लिहिलेलं असतं ती. नावात ओआरएस घुसवलेली गोड पेयं दुकानात बरीच वर्षं विकली गेली, ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने (एफएसएसएआय) त्या नावाला मनाई केली. मोठं पाकीट एक लिटर पाण्याला असतं, लहान २०० मिलिलिटरला. अर्धं पाकीट अंदाजाने टाकायचं नाही. कालवलेलं २४ तासांत संपवा. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, चमच्या-चमच्याने. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. सोबत झिंक, १४ दिवस, मात्रा डॉक्टरांकडून लिहून घ्या.

तापाचं पॅरासिटामॉल घेताना बाटलीवरचं प्रमाण वाचा. थेंबांच्या बाटलीत साधारणपणे एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतं, तर सिरपमध्ये पाच मिलिलिटरला १२५ किंवा २५०. म्हणजे थेंबांचं औषध हलक्या सिरपच्या चौपट तीव्र. सिरपच्या मापाने थेंब पाजले तर काय होईल ते सांगायला नको. बाळाचं वजन आणि मात्रा बाटलीवरच चिकटवा, आणि दर महिन्याला वजन बदललं की चिठ्ठी बदला.

खोकल्याचं औषध ठेवूच नका. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची मुलं डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेल्या सिरपने मूत्रपिंडं निकामी होऊन नागपूरच्या रुग्णालयांत आली, कित्येक दगावली. लहान बाळाच्या खोकल्याला तसंही त्याचा फायदा नसतो.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १०० अंश फॅरनहाइटच्या वर ताप, टाळू खोल गेलेली, सहा-आठ तास लघवी नाही, पाजलं तरी ओढत नाही, यांतलं काहीही दिसलं की घरचा औषधांचा डबा बंद करा आणि दवाखाना गाठा. १०८ ला फोन, गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठी १०२, पोलीस आणि इतर मदतीला ११२, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला १०७७. मेडिकल, मेयो, डागा या सरकारी रुग्णालयांपैकी तुम्हाला कोणतं जवळ, हे तर माहीत हवंच. पण पाऊस जोराचा असेल तेव्हा लोहापुलाखालचा किंवा नरेंद्रनगरच्या रेल्वेपुलाखालचा, पाणी साचणारा रस्ता टाळून तिथे कसं जायचं, तो रस्ता कोरड्या दिवशी एकदा गाडीने जाऊन बघा.

पायरी सातवी: डबा आणि बॅग

साठ्याचे दोन भाग करा. घरी राहायचं असेल तर डबा, घर सोडावं लागलं तर बॅग.

बॅग पाठीवरची हवी, कारण हातात बाळ असतं. तिच्यात एका दिवसाचे डायपर, चार लंगोट, दोन झबली, टोपरं, एक दुपटं, वाटी-चमचा, साबण, मलम, ओआरएस, औषधं, पॅड, पाण्याची बाटली, आईचा खाऊ, छोटी मच्छरदाणी, टॉर्च, थोडी सुटी रोकड. लाईन गेली की युपीआयही जाऊ शकतं. माता-बाल संरक्षण कार्ड झिपच्या प्लॅस्टिक पाकिटात, आणि त्याच्या लसींच्या पानाचा फोटो दोघांच्याही मोबाईलमध्ये. भरलेली बॅग पाठीवर आणि बाळ कडेवर घेऊन दोन जिने चढून पाहा. दम लागला तर बॅगेतलं काहीतरी काढा.

डबा स्टीलचा, घट्ट झाकणाचा घ्या. पुठ्ठ्याचं खोकं नको. नागपूरच्या घरात उन्हाळाभर कूलर चालतो आणि कूलरची हवा ओली असते. पॅड, डायपर, पावडर, ओआरएस सगळं ती ओल ओढून घेतं. म्हणून डबा कूलरच्या झोतात ठेवायचा नाही.

आता जागा. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागण्याच्या बऱ्याच आधी, डबा माळ्यावरून खाली उतरवा आणि घरातल्या सगळ्यात थंड, उत्तरेच्या किंवा आतल्या भिंतीशी ठेवा. औषधांवर २५ किंवा ३० अंशांखाली ठेवा असं लिहिलेलं असतं. उन्हाळ्यात घरात तेवढं कुठेच नसतं, म्हणून दर पावसाळ्याआधी औषधं नवी घ्या. फ्रिजच्या दारात कोंबू नका, बाटलीवर तसं लिहिलेलं असेल तरच फ्रिज. मृग लागला की डबा आणि बॅग पुन्हा वर, छातीच्या उंचीच्या वरच्या फळीवर. तळमजला असेल तर वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांशी आत्ताच बोलून ठेवा, रात्री दोन वाजता दार वाजवायला आधीची ओळख लागते.

उन्हाळ्याच्या डब्यात तीन गोष्टी जादा: बॅटरीवरचा छोटा पंखा, दोन पातळ पंचे आणि गार पाण्याने अंग पुसायला वेगळं भांडं. भर दुपारी लाईन गेली तर बाळाचे कपडे कमी करा, ओल्या पंच्याने अंग पुसा आणि घरातल्या सगळ्यात खालच्या, अंधाऱ्या खोलीत जा. आणि दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी तोटी उघडून थेट बाळाच्या अंगावर घेऊ नका, ते चटका बसेल एवढं तापलेलं असतं. रात्रीच बादली भरून ठेवा.

तपासणीसाठी तान्हा पोळ्याचा दिवस धरा. पोट्टे लाकडी बैल सजवून फिरायला निघतात, घरात सगळे असतात, आणि सप्टेंबरचा पाऊस अजून बाकी असतो. बाळाला वजनकाट्यावर ठेवा, डायपरचा साईझ बघा, झबली अंगाला लावून पाहा, भरडी बदला, औषधाच्या चिठ्ठ्या बदला. नंतर मकरसंक्रांतीला एकदा, थंडीपुरती एक लोकरी टोपी आणि मोजे टाकायला. अंगाला न होणारे डायपर आणि झबली गल्लीत कुणाकडे नवं बाळ आलं असेल तिथे द्या. तसं कोणी माहीत नसेल तर वस्तीतल्या आशाताईंना विचारा. कोणत्या घरी बाळंतपण आहे, हे त्यांना नेहमी माहीत असतं.